पंखा फिरतो, पडदा काळा!

मुलांनो, मागच्या वेळी आपण सायकलची सुटलेली साखळी बसवली होती, आठवतं ना? पुष्कळ जणांचे हात काळे झाले असतील. आज हात काळे होणार नाहीत, डोकं मात्र जरा तापेल. कारण आजची गोष्ट आहे आमच्या शाळेतल्या संगणकाची. २०२५ च्या जुलैतली. एका शनिवारी तो बंद पडला आणि पुढच्या शनिवारपर्यंत मुका बसून राहिला. आणि खरं सांगायचं तर तो आपला आपण बंद पडलाच नव्हता. मीच तो उघडला होता!

आमची शाळा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या कुशीत आहे. दोन शिक्षक, सदतीस मुलं, आणि एक संगणक. साधारण २०१२ सालचा. सकाळी त्याचं बटण दाबायचं, मग प्रार्थना म्हणायची, परिपाठ उरकायचा, हजेरी घ्यायची, तेव्हा कुठे त्याला जाग यायची. शिवाय त्यात होतं विंडोज १०, आणि त्याची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नव्हती. पुढचं विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चालण्यासारखं नव्हतं. मग गावानं वर्गणी काढली, साडेअकरा हजार रुपये जमले आणि तालुक्याच्या दुकानातून मी नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर आणि नवी रॅम घेऊन आले.

आता तुम्ही विचाराल, "बाई, एकट्या बोर्डासाठी तिन्ही वस्तू कशाला?" हाच प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलानं विचारला. त्याला आम्ही शंकासूर म्हणतो, आणि त्याला ते नाव आवडतं. त्याचं उत्तर असं, की प्रत्येक बोर्डावर प्रोसेसर बसायची खाच ठरलेली असते, तिच्यात भलताच प्रोसेसर बसत नाही. रॅमचंही तसंच. आमची जुनी रॅम होती डीडीआर-३, तिच्या पट्टीला २४० टोकं. नवी डीडीआर-४, तिला २८८. मधली खाचही वेगळ्या जागी. चुकून उलटसुलट बसवू नये म्हणूनच ती खाच तिथे ठेवलेली असते. जुनी पेटी, जुना एसएमपीएस आणि जुनी हार्ड डिस्क मात्र तशीच ठेवली.

आणि त्या हार्ड डिस्कमध्ये होती आमची पावसाची वही.

ही वही म्हणजे काय ते आधी सांगते. २०२२ च्या जूनपासून आमची मुलं रोज पाऊस मोजतात. प्लॅस्टिकच्या सरळ बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची, की झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी बरोबर साडेआठला आकडा बघायचा. साडेआठच का? कारण भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो. चौथीतल्या एका मुलीचं घर शाळेला लागूनच आहे. ती रविवारीसुद्धा आकडा चुकवत नाही. तिला आम्ही 'मोजमापे' म्हणतो. आकडे आधी कागदी वहीत आणि मग एक्सेलच्या फाईलमध्ये. पहिल्या दोन वर्षांच्या कागदी वह्या कपाटात वाळवीनं खाल्ल्या. तेव्हा आम्ही हसून म्हटलं होतं, "असू दे, संगणकात आहे की!" ज्या मुलांनी ते आकडे घेतले, ती आता हायस्कुलात आहेत. परत मोजायचं म्हटलं तर २०२२ चा पाऊस काही पुन्हा पडायचा नाही.

तर त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेटी उघडली. सॉकेटमधून वायर काढली, पेटीचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली थोडी वीज निघून जाते. मग पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला. अंगावरचा स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसला विजेचा कण बोटातून बोर्डावर उडाला तर एखादा नाजूक भाग मरू शकतो. पत्र्याला हात लावला की तो कण पत्र्यात जातो. (मुलांनो, हे काम मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करायचं नाही. आणि एसएमपीएसची डबी तर कुणीच उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहिलेली असते.)

सगळं बसवलं. शंकासूर आणि मोजमापे शेजारी उभे. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं.

काही नाही! पंखा नाही, आवाज नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा तेवढा लागलेला.

"बाई, बिघडला," शंकासूर म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं. पण पोटात गोळा आला होता बरं का. वर्गणीचे पैसे होते ना ते!

आता इथे थांबून आपण एक गोष्ट समजून घेऊ. शाळा सकाळी कशी भरते? आधी घंटा होते. मग मुलं रांगेत येतात. मग हजेरी. मग कुणीतरी फळ्यावर तारीख-वार लिहितं, आणि त्यानंतर धडा सुरू होतो. समजा, एखाद्या दिवशी धडा सुरूच झाला नाही, तर "शाळा बंद पडली" म्हणून चालेल का? घंटा झाली नाही, की हजेरीला कुणी नव्हतं, की बाईंना पुस्तकच सापडलं नाही, हे आधी बघायला हवं. संगणकाचंही अगदी असंच आहे. तो सुरू होताना पायऱ्यापायऱ्यांनी सुरू होतो. "चालत नाही" ही तक्रार कामाची नाही. कुठल्या पायरीवर थांबला, हे शोधायचं.

आमचा थांबला होता घंटेपाशी. पण बोर्डावरचा बारीक दिवा लागला होता, म्हणजे एसएमपीएसमधून वीज येत होती. ही यंत्रं बंद असतानासुद्धा त्यातून थोडी, पाच व्होल्टची, वीज बोर्डाला मिळत राहते. पेटीवरचं बटण हे घरातल्या दिव्याच्या बटणासारखं नसतं. १९९५ पूर्वीच्या पुष्कळ संगणकांत ते तसं असायचं, बटण दाबलं की थेट मुख्य वीजच चालू किंवा बंद. १९९५ मध्ये इंटेल कंपनीनं एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तेव्हापासून बटण फक्त बोर्डाला खूण करतं, "उठ रे!" आणि मग बोर्ड एसएमपीएसला सांगतो, "पूर्ण वीज सोड." म्हणजे बटणाची खूण बोर्डापर्यंत पोचायला हवी. ती पोचते दोन बारीक वायरींनी. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ टाचण्यांसारख्या पिना दाटीवाटीनं उभ्या असतात. त्यातल्या दोन बटणाच्या, दोन रिसेटच्या, बाकीच्या दिव्यांच्या. मी चष्मा न लावता बटणाची वायर रिसेटच्या पिनांवर बसवली होती!

बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्र होतं. मोजमापेनं बोट ठेवून पिना मोजल्या, मी वायर हलवली, आणि पंखा भर्रकन फिरला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. पडद्याकडे बघितलं. पडदा काळा.

अशा वेळी माणसाला काय सुचतं सांगू? सगळंच ओढून काढावं आणि परत बसवावं! मी तेच करायला निघाले होते. पण एकदम चार गोष्टी बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तरी चूक कुठे होती ते कळत नाही. आणि चालू नाही झालं, तर पाचवी चूक आपण नवीनच केलेली असते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट. मोजमापेनं तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. काय केलं, काय झालं.

पंखा फिरला की संगणकाची हजेरी सुरू होते. पुष्कळ जण त्या उभ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात. माझे वडीलही म्हणतात, आणि मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पण खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, लहानशा बिस्किटाएवढा चौकोन. वीज मिळाल्याबरोबर त्याला काहीच आठवत नसतं. रॅम कोरी असते. मग तो एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथल्या सूचना वाचायला लागतो. त्या सूचना बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये कायमच्या लिहिलेल्या असतात. त्यांना जुन्या बोर्डांवर बायोस म्हणतात. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पहिला पीसी आला, त्याचा बायोस अवघा ८ किलोबाइटचा होता. हल्लीच्या बोर्डांवरची ही चिप बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते, म्हणजे हजारो पटींनी मोठी. ती हजेरी घेते. "प्रोसेसर? हजर! रॅम? हजर! चित्र दाखवणारा भाग? हजर!" जो गैरहजर असेल, तिथे गाडी थांबते.

पण पडदाच चालू झाला नसेल तर कोण गैरहजर आहे हे ती सांगणार कसं? गंमत आहे! शिट्टी वाजवून. आयबीएमच्या पहिल्या पीसीत एक छोटा 'बीप' आला की सगळं ठीक. एक लांब आणि दोन छोटे आले की चित्र दाखवणाऱ्या भागात गडबड. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खुणा वेगवेगळ्या, म्हणून पुस्तिका बघावी लागते. आता पुष्कळ बोर्डांवर शिट्टीच नसते. त्याऐवजी कडेला चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, चित्र, डिस्क, असे चौघांचे चार. जिथे हजेरी अडली, तो दिवा लागून राहतो.

आमचा पहिला, प्रोसेसरचा, लागून राहिला होता.

प्रोसेसर बसवताना मी फार जपलं होतं, त्रिकोणी खूण जुळवूनच ठेवला होता. मग? पुस्तिकेतलं चित्र परत बघितलं. बोर्डाला एसएमपीएसमधून दोन जागी वीज द्यावी लागते. एक मोठं, २४ पिनांचं, ते मी लावलं होतं. दुसरं प्रोसेसरच्या जवळ, वरच्या कोपऱ्यात. चार-चार पिनांचे दोन तुकडे जोडून झालेलं आठ पिनांचं. ते केबलच्या गुंत्यात पेटीच्या मागे लपून बसलं होतं! ही चूक फार जण करतात, असं मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर जरा बरं वाटलं असतं.

वायर काढली, ते लावलं, परत बटण. पहिला दिवा विझला. दुसरा लागला. रॅम!

"बाई, रॅम तर तुम्ही माझ्यासमोर बसवलीत," शंकासूर म्हणाला. बसवली होती खरी, पण एका बाजूची खिट्टी 'टक्' वाजली होती आणि दुसरीकडची नुसतीच जवळ आली होती. डोळ्यांना सरळ दिसत होती, आत मात्र पुरती गेली नव्हती. पुन्हा वीज काढून अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबली. टक्. टक्. मोजमापेनं लिहिलं, 'दोन टक्'.

आणि तरीही पडदा लगेच काही उजळला नाही. मी हात पुढे केला, तेवढ्यात मोजमापे म्हणाली, "बाई, थोडं थांबू या ना." फार शहाणी मुलगी. कारण नवी रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी वेग जुळवून घेतो. त्याला थोडा वेळ लागतो, आणि त्याहून नव्या डीडीआर-५ ला तर कधीकधी काही मिनिटंही लागतात. त्या वेळात घाबरून बटण दाबलं की झालं परत पहिल्यापासून. आम्ही थांबलो. बाहेर पाऊस धो धो पडत होता. साधारण अर्ध्या मिनिटानं पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह झळकलं!

इथपर्यंत वाचून ज्यांच्या घरी असाच काळा पडदा असेल, त्यांनी आणखी दोन साध्या गोष्टी बघाव्यात. मॉनिटरची वायर नीट लागली आहे ना, आणि घेतलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे ना. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं त्यात ती सोय नसते, वेगळं कार्ड लावावं लागतं. खरेदीच्या वेळी बोर्ड कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे का, तेही बघावं. दुकानात जुना पडून राहिलेला बोर्ड असेल तर त्याची चिप नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, तिच्यातल्या सूचना आधी बदलून घ्याव्या लागतात.

बोधचिन्ह झळकलं, दोन सेकंद राहिलं, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. 'नो बूटेबल डिव्हाइस'. म्हणजे, ज्यावरून सुरू करता येईल असं काहीच सापडलं नाही.

संध्याकाळ झाली होती. मुलांना घरी पाठवलं आणि दुकानातल्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बोर्ड बदलला की असंच होतं. फॉरमॅट मारा आणि विंडोज नवं टाका. अर्ध्या तासाचं काम."

सोमवारी शंकासुरानं विचारलं, "फॉरमॅट म्हणजे काय, बाई?"

"पाटी पुसून कोरी करणं."

"मग पावसाची वही?"

मी काही बोलले नाही. मोजमापेही काही बोलली नाही, पण मधल्या सुट्टीत ती संगणकापाशी जाऊन उभी राहिली.

दादांचंही चुकलं होतं असं नाही. नवं विंडोज टाकून यंत्र खरोखर चालू झालं असतं. पण त्यांच्या लेखी डिस्क म्हणजे विंडोजची जागा होती. आमच्या लेखी ती पावसाची जागा होती. म्हणून मी ठरवलं, की आधी वही बाहेर काढायची, मग बाकीचं.

बोर्ड सुरू होताना 'डिलीट' कळ दाबत राहिलं की त्याचं स्वतःचं पान उघडतं. (काही बोर्डांवर 'एफ-२'.) त्या पानावर आमच्या डिस्कचं नाव चक्क दिसत होतं! म्हणजे डिस्क जिवंत होती, वायरही ठीक होती. तरी सुरुवात करण्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. आता हे कोडं काय ते पाहा.

संगणक सुरू करण्याला 'बूट' का म्हणतात ठाऊक आहे? उंच बुटाच्या मागे ओढायला एक पट्टा असतो, त्याला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलणं, ही तिकडची अशक्य गोष्टीसाठीची थट्टा. संगणक मात्र जवळजवळ तेच करतो. थोड्याशा सूचना वाचून त्यांच्या जोरावर जास्त सूचना आणतो, आणि त्यांच्या जोरावर पूर्ण विंडोज. म्हणून ते नाव पडलं.

तर जुन्या पद्धतीत बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात जातो. हा कप्पा ५१२ बाइटचा. त्यात एक छोटी चिठ्ठी असते, पुढचं सामान कुठे आहे ते सांगणारी. १९८३ पासून पीसीच्या हार्ड डिस्कवर ही चिठ्ठी आहे, तिला एमबीआर म्हणतात. नव्या बोर्डांवर बायोसच्या जागी यूईएफआय आला आहे. तो पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर अवलंबून राहत नाही. तो डिस्कवर एक खास छोटा विभाग शोधतो आणि त्यातली ठरलेली फाईल उघडतो. अशा डिस्कवरच्या विभागांच्या यादीला जीपीटी म्हणतात. आमची डिस्क २०१२ च्या रिवाजाप्रमाणे चिठ्ठी घेऊन उभी होती आणि नवा बोर्ड विचारत होता, "तुझा विभाग कुठे आहे?" दोघांचीही चूक नाही, दोघांची भाषा वेगळी!

काही बोर्डांवर जुनी भाषा समजण्याची सोय असते, तिला सीएसएम म्हणतात, ती चालू केली की काम होतं. आमच्या बोर्डावर ती सोय चालू होईना.

मग मी केंद्रातल्या एका गुरुजींकडून डिस्क यूएसबीला जोडायची वायर आणली. माझ्या लॅपटॉपला लावली, तर डिस्क फिरेचना! पुन्हा पोटात गोळा. रात्रभर झोप नाही. पण कारण साधं होतं. पेटीतल्या मोठ्या डिस्कला फिरायला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीच्या नेहमीच्या वायरीतून मिळतात पाच. ती वायर लॅपटॉपच्या लहान डिस्कची होती. गुरुजींनाही ते माहीत नव्हतं.

शेवटी दुसरी वाट धरली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यावर बनलेली उबुंटू ही प्रणाली फुकट मिळते, आणि मुख्य म्हणजे ती डिस्कला हात न लावता पेन ड्राईव्हवरूनच चालवता येते. पाच-सहा जीबीची ती फाईल आमच्या वाडीत मोबाइलच्या रेंजवर उतरवायला दोन रात्री गेल्या. मध्ये दोनदा लाईट गेली. गुरुवारी दुपारी पेन ड्राईव्ह नव्या बोर्डाला लावला, आणि काय सांगू, दोन मिनिटांत पडदा उजळला! म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं धडधाकट होतं, हे एका फटक्यात सिद्ध झालं. डाव्या बाजूला आमच्या डिस्कचं चित्र आलं. ते उघडलं. 'शाळा' नावाचं घडीपत्र, त्यात 'पाऊस'. मी ती फाईल दुसऱ्या पेन ड्राईव्हवर उतरवली. मग माझ्या लॅपटॉपवर उतरवली. मग माझी मलाच भीती वाटून गुरुजींनाही पाठवून दिली.

त्यानंतरचं काम मात्र निर्धास्तपणे केलं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एक छोटं हत्यार आहे, डिस्कवरचं सामान न पुसता तिची यादी एमबीआरची जीपीटी करणारं. त्याचं नावच 'एमबीआर-टू-जीपीटी'. आधी त्याला नुसतं विचारायचं, "जमेल का?" ते तपासून हो म्हणालं, तरच पुढची आज्ञा द्यायची. शुक्रवारी विंडोजच्या पेन ड्राईव्हवरून मी ती आज्ञा दिली. खरं म्हणजे हे काम जुना बोर्ड काढण्याआधीच, चालू विंडोजमधून केलं असतं, तर हा आठवडा वाचला असता. पण ते आत्ता सांगतेय!

आई-बाबांसाठी इथेच सांगून टाकते. हल्ली पुष्कळ संगणकांत डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. बोर्ड बदलला की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते किंवा छापून ठेवलेली असते. ती सापडल्याशिवाय पेटीला हात लावू नये. किल्ली नसेल तर उबुंटूसुद्धा ती डिस्क उघडू शकत नाही. आणि विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असू शकतो, त्यामुळे नव्या बोर्डावर तो पुन्हा सिद्ध करावा लागतो. आम्हालाही करावा लागला.

शनिवारी सकाळी बटण दाबलं. बोधचिन्ह आलं. मग गोल फिरणारे ठिपके आले. एकदा आपोआप बंद होऊन परत चालू झालं, कारण विंडोज नव्या भागांची ओळख करून घेत होतं. आणि मग आमच्या शाळेचा जुना फोटो पडद्यावर आला, गेल्या वर्षीच्या सहलीचा. प्रार्थनासुद्धा अजून व्हायची होती.

मोजमापे वही घेऊन पुढे आली. "बाई, आठवड्याचे आकडे राहिलेत."

शंकासूर टंकायला बसला आणि ती सांगू लागली. "रविवार ६२. सोमवार ७४. मंगळवार ११८. बुधवार ९०. गुरुवार ४१. शुक्रवार १७."

"आणि आजचा?" त्यानं विचारलं.

"आज बाटली कोरडी. शून्य लिही. रिकामं नको ठेवूस, नाहीतर मोजलंच नाही असं वाटेल."